वाढदिवस आणि निधनवार्ता एकाच पानावर असू द्याव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका भगिनींचे पत्र प्रसिद्ध झाले. दसऱ्याच्या सकाळी दाराला तोरण बांधून त्या चहाचा कप घेऊन अंक उघडतात, तर शहराच्या पानावर डावीकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्यांना अगदी लागून तिघांच्या निधनवार्ता, त्यातला एक तर ऐन पस्तिशीतला तरुण. सणाच्या दिवशी मनाला असा चटका कशाला, निदान दिवाळीच्या अंकांत तरी निधनवार्ता आतल्या एखाद्या पानावर न्याव्यात, अशी त्यांची सूचना होती. पत्र मनापासून लिहिलेले होते आणि ते वाचून आमच्या घरातही दोन मते झाली. सूनबाईंना सूचना पटली, मला पटली नाही. का पटली नाही ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले तर कात्री चालवण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे, कारण माझे सारे आयुष्य दुसऱ्यांचा मजकूर चौकटीत बसवण्यातच गेले.

मी बेळगावातल्या एका लहान छापखान्यात एकतीस वर्षे कंपोझिटर होतो, जुन्या लोकांच्या भाषेत जुळारी. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, उचलून स्टिकमध्ये जुळवायचे, ओळी भरल्या की गॅलीवर उतरवायच्या, दोऱ्याने आवळून बांधायच्या, प्रूफ काढायचे आणि मग फर्मा ट्रेडल मशीनवर चढवायचा, हे माझे काम. ग्रंथ वगैरे मोठी कामे आमच्याकडे येत नसत. छापखाना चालायचा तो लग्नपत्रिकांवर आणि उत्तरकार्याच्या कार्डांवर. (निवडणुकीची हस्तपत्रके हा तिसरा प्रकार, पण त्यांचे पैसे निकालावर अवलंबून असत, म्हणून तो धरत नाही.)

लग्नपत्रिकेला लाल शाई आणि दुःखाच्या कार्डाला काळी, हा नियम. मशीन मात्र एकच. लग्नाचा मजकूर महिना-पंधरा दिवस आधी येई, त्याला सवड असे. दुःखाचे कार्ड आज सांगून उद्या हवे असे, कारण तेराव्याच्या आत ते टपालाने पाहुण्यांच्या गावी पोहोचायला हवे. त्यामुळे ऐन वैशाखात, मशीनवर लाल शाई चढलेली असताना, मुंडन केलेल्या डोक्यावर टोपी घातलेला कोणीतरी दारात येऊन उभा राही, आणि चालू काम थांबवून रॉकेलच्या फडक्याने रोलर पुसावे लागत. कितीही पुसले तरी रोलरमध्ये मुरलेला लाल रंग लगेच सुटत नसे. पहिली आठ-दहा कार्डे काळी न उतरता तपकिरी उतरत. मालक ती बाजूला काढायला सांगत, पण घाई असली की तीही गठ्ठ्यात जात. उलटही होई, आणि कोणाच्या तरी पोरीच्या लग्नाच्या पहिल्या काही पत्रिका लालऐवजी काळपट निघत. एकतीस वर्षांत त्या रंगाबद्दल एकाही पाहुण्याने तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

घरात गेल्यावर या दोन कागदांच्या वाटा वेगळ्या होत. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागे आणि ती देव्हाऱ्याशी ठेवली जाई. दुःखाच्या कार्डावर माथ्याला 'श्री' नसे आणि वाचून झाले की ते फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. आमच्याकडे असेपर्यंत मात्र दोन्ही एकाच केसमधल्या, म्हणजे खणांच्या एकाच पेटीतल्या, खिळ्यांतून घडत. काम छापून झाले की खिळे सोडवून आपापल्या खणात परत टाकायचे असतात. काल 'शुभविवाहा'त बसलेला 'वि' आज 'रक्षाविसर्जना'त बसे, आणि मला त्यात कधी काही वावगे वाटले नाही, कारण दुसरा 'वि' आणायचा कुठून?

या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही सांगतो. १९८७ च्या लग्नसराईत तालुक्यातल्या एका गावच्या पत्रिकेत नवरीच्या आजोबांच्या नावाआधी 'श्री.' लावायचे ते मी 'कै.' लावले. आधीचे काम दुःखाच्या कार्डाचे होते आणि हात त्याच वळणावर होता. प्रूफ घरच्यांनीही पाहिले होते, पण नवऱ्याचे नाव आणि मुहूर्ताची वेळ यापलीकडे प्रूफ कोण वाचतो? तीनशे पत्रिका छापल्या गेल्या, निम्म्याअधिक वाटून झाल्या, आणि चौथ्या दिवशी सकाळी खुद्द आजोबाच बसमधून उतरून छापखान्याच्या दारात. धोतर, फेटा, हातात काठी. मालक हात जोडून उभे राहिले, मी केसच्या मागे सरकलो. म्हातारा काठी टेकत आत आला आणि म्हणाला, "कुठं हाय तो? लग्नाआधीच पोचवलंस की रे मला!" मालकांनी सगळ्या पत्रिका फुकट पुन्हा छापून देतो म्हटले, तर त्यांनी साफ नकार दिला. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढते हा आपल्याकडचा समज त्यांनी आम्हालाच ऐकवला, चहा घेतला, आणि जाताना मला लग्नाला यायला बजावले. मी गेलो. मांडवाच्या दारात बसून ते येणाऱ्या प्रत्येकाला ती पत्रिका दाखवत होते आणि माझ्याकडे बोट करून सांगत होते की यानेच मारले.

त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. एका दुपारी त्यांचा मुलगा मुंडन केलेल्या डोक्याने छापखान्यात आला आणि त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. ती तीच लग्नपत्रिका होती, घडीवर झिजलेली, कोपऱ्यांना वाळलेले कुंकू. "आबांनी सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला, "कार्ड त्याच छापखान्यात छापायचं, आणि 'कै.' जुनाच चालंल म्हणून सांगायचं." मालकांना हसू आवरेना, तोही हसायला लागला, आणि हसता हसताच तो कागदाच्या रिमावर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. मी स्टिक हातात धरून उभा होतो. 'कै.'चा खण कुठे आहे हे मला झोपेतही सांगता आले असते, पण त्या वेळी तो मला सापडेना.

सुख आणि दुःख म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू, असे अनेकदा भाषणांत ऐकू येते. ती उपमा मला कधी पटली नाही. नाण्याची एक बाजू वर असते तेव्हा दुसरी दिसत नाही, आणि हवी ती बाजू वर ठेवता येते. त्या मुलाचे त्या दुपारचे हसणे कुठे संपले आणि रडणे कुठे सुरू झाले हे शेजारी उभे राहून मला सांगता आले नसते. मला ते रोलरवरच्या शाईसारखे वाटले, पुसून पुसूनही एकातून दुसरी सुटत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे म्हणणे असेल की छापखान्यात काय घडते ते वेगळे, सणाच्या दिवशी तरी मन प्रसन्न असावे. त्यांचा राग मला येत नाही. पण सण तरी आपल्या पूर्वजांनी असे वेगळे कुठे ठेवले आहेत? लग्नामुंजीच्या आरंभी नांदीश्राद्ध असते, म्हणजे मंगलकार्याची पहिली पायरीच गेलेल्यांना आठवून चढायची असते, आणि भटजींनी ते कितीही भराभर उरकले तरी बापाचे नाव उच्चारताना यजमानाचा आवाज अडखळतो हे मी अनेकदा पाहिले आहे. भाद्रपदात बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरही चालूच असते. कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर ढोलताशे वाजत असतात आणि तेव्हाच घराघरांत पितृपंधरवड्याच्या तिथ्या काढायला कॅलेंडर उतरवलेले असते. तो पंधरवडा सर्वपित्री अमावास्येला संपतो न संपतो तोच घट बसतात. गणपती आणि देवी यांच्या मध्ये मेलेल्या माणसांना जागा देणाऱ्यांना दोन सण सलग जोडता आले नसते असे थोडेच आहे.

आमच्या या सीमाभागात तर तारखाही तशाच आल्या आहेत. संक्रांतीचा तिळगूळ डब्यात अजून शिल्लक असतो आणि १७ जानेवारी उजाडते. १९५६ साली त्या दिवशी बेळगाव-निपाणीत गोळीबार होऊन माणसे गेली, म्हणून दरवर्षी हुतात्मा चौकात अभिवादन होते. लहानपणी आम्ही तिळगुळाचे दाणे खिशात घेऊनच तिथे वडिलांच्या मागे उभे राहत असू. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून त्या एकाच तारखेला राणी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाचा लाल-पिवळा जल्लोष असतो आणि मराठी माणसाची काळ्या दिवसाची फेरी निघते. २०२४ साली त्याच दिवशी दिवाळी होती. आमच्या गल्लीत सकाळी कोणी दंडाला काळी फीत बांधली, कोणी लाल-पिवळे उपरणे घातले, आणि संध्याकाळी दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर पणत्या लागल्या. समोरच्या कानडी घरातल्या आजींनी नेहमीप्रमाणे आमच्याकडे डबा पाठवला आणि आमच्याकडून चकल्या गेल्या. कोणाचा दिवस खरा यावर आजींचा आणि माझा तीस वर्षांत समेट झालेला नाही, होईलसे वाटतही नाही. डबा मात्र कधी चुकला नाही.

पावसाळ्यातला आपलाच अंक काढून पाहावा. राकसकोप जलाशय भरला की शहराची पाण्याची चिंता मिटते आणि आपण ते छायाचित्रासह ठळक छापता. दरवाजे उघडले की तेच पाणी मार्कंडेय नदीतून खाली उतरते आणि उचगाव, आंबेवाडी, कंग्राळीच्या शिवारात नुकतीच लावलेली भातरोपे त्याखाली जातात. इकडे बळ्ळारी नाला फुगला की वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांची तीच गत. त्याही बातम्या त्याच पानावर येतात. पाऊस एकच, शाईही एकच. शहरवासीयांचा आनंद अबाधित राहावा म्हणून बुडालेले भात आतल्या पानावर न्यावे, असे सुचवणारे पत्र अजून कोणी लिहिलेले नाही, आणि ते कोणी लिहू नये.

आता थोडे घरचे. आमच्याकडच्या गावांत महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी नसते. कुठे पाच वर्षांनी, कुठे बारा वर्षांनी, कुठे त्याहूनही जास्त वर्षांनी भरते, त्यामुळे माणसाच्या आयुष्यात ती दोन-तीनदा आली तर पुष्कळ. आधी देवीचे लग्न लागते, सगळा गाव अक्षता टाकतो, मग दिवसचे दिवस भंडाऱ्याची उधळण, ओट्या, माहेरवाशिणी, दारोदारी पाहुण्यांच्या पंगती; आणि शेवटच्या दिवशी देवी शिवेकडे निघते, तिच्यासाठी उभारलेली झोपडी पेटवली जाते, आणि सकाळपर्यंत नाचणाऱ्या गावात एकदम बोलणे बंद होते. लग्नापासून जाण्यापर्यंत सगळे एका यात्रेत. आमच्या मूळ गावी गेली यात्रा ठरली तेव्हा माझी आई थोरल्या भावाकडे तिथेच होती. देवीला नेसवायचे हिरवे लुगडे तिने स्वतः शहापुरात येऊन घेतले होते, दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस करून. यात्रेच्या पंधरा दिवस आधी ती गेली.

तिच्या तेराव्यात आणि देवीच्या अक्षतांत दोन दिवसांचे अंतर पडले. तेराव्याची पंगत उठली, मांडववाला शिडी घेऊन आला आणि त्याने भावाला विचारले, "सोडू की राहू दे?" घरात वर्षभर सण नाही, तेव्हा यात्रा करायची की दार लावून बसायचे, यावर आधीच भावकीत बराच वाद झाला होता. भावाने वर मांडवाच्या कापडाकडे पाहिले आणि म्हणाला, "राहू दे की. पाहुणे तेच, जेवण तेवढं वेगळं." मांडववाल्याने पांढऱ्या कापडाला कडेने रंगीत झालर तेवढी लावली. भाड्याची तीच पातेली, तीच वाढपी मंडळी, बसायला त्याच जागा. जे पाहुणे दोन दिवसांपूर्वी न बोलता जेवून गेले होते तेच आता मटणाच्या पंगतीला बसले, आणि पहिल्या पंगतीत कोणीतरी सवयीने "म्हातारीला वाढलं का?" असे विचारले. कोणी उत्तर दिले नाही. धाकट्या बहिणीने रश्श्याचे भांडे खाली ठेवले, आत जाऊन तोंड धुऊन आली, आणि पुन्हा वाढायला लागली. ते हिरवे लुगडे देवीला नेसवले गेले, भावकीतल्या एका सुवासिनीच्या हातून. रंग आईने निवडला होता तो देवीला फार शोभला, हे सगळ्यांनी बोलून दाखवले, आणि ते ऐकताना आम्हा भावंडांना काय वाटत होते त्याला सुख म्हणावे की दुःख हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

खानापूर तालुक्यातल्या नंदगडला आपले अनेक वाचक गेले असतील. तिथे २६ जानेवारी १८३१ रोजी, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला त्यांनी फासावर दिले. त्याच्या समाधीजवळच्या वडाला मूल व्हावे म्हणून लोक लाकडी पाळणे बांधतात, कानडीही बांधतात आणि मराठीही. फाशी गेलेल्या माणसाच्या समाधीशी पाळणे बांधण्याचे प्रथम कोणाला सुचले असेल, त्याच्या धाडसाचे मला कौतुक वाटते. माझ्या पत्नीनेही तिथे एक पाळणा बांधला होता. नात झाली ती त्यामुळेच, असे मी म्हणणार नाही, कारण डॉक्टरांचे बिलही मीच भरले आहे.

आता मूळ सूचनेविषयी. निधनवार्ता आतल्या पानावर नेण्यात व्यवहाराचीही अडचण आहे. आमच्याकडे अजूनही अनेक घरांत अंक हाती आला की पहिले पान नंतर, निधनाचा रकाना आधी वाचला जातो, कारण रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी असते आणि कोणत्या स्मशानभूमीत, किती वाजता जायचे ते त्याच सकाळी कळावे लागते. आतल्या पानाच्या तळाशी गेलेली बातमी नजरेतून सुटते आणि मग माणूस आयुष्यभर ऐकवतो की तुम्ही आला नाहीत. पण याहून मोठे कारण दुसरे आहे. ज्या घरात परवा माणूस गेले त्या घरातही दिवाळीच्या दिवशी अंक पडतो. त्यांच्याकडे तळण नसते. शेजारी आणि सोयरे फराळ घेऊन जातात, निमित्त फराळाचे आणि बसायचे मात्र गेलेल्याविषयी बोलत. त्या घरातल्या माणसाने अंक उघडून आपल्या वडिलांचे नाव शोधावे आणि ते सणाला अडचण नको म्हणून आत कुठेतरी ढकललेले दिसावे, यातून सण आपला नाही एवढेच त्याला कळेल. ज्या तरुणाच्या बातमीने त्या भगिनींना चटका बसला, त्याच्या आईनेही तो अंक पाहिला असेल. शेजारच्या रकान्यात कोणाच्या तरी मुलाला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. त्या तिला टोचल्या असतील, आणि त्या फोटोतल्या टोपी घातलेल्या पोराकडे तिने दोनदा पाहिलेही असेल. त्या शुभेच्छा पाहायच्या की नाही हे तिचे तिला ठरवू द्यावे.

एका बाबतीत मात्र मी त्या भगिनींशी पूर्ण सहमत आहे, आणि ती बाब माझ्या धंद्यातली आहे. दसऱ्याच्या त्या अंकात वाढदिवसाच्या शेवटच्या फोटोला आणि निधनाच्या पहिल्या फोटोला एकाच नक्षीची चौकट होती आणि मध्ये रेघ नव्हती, त्यामुळे मलाही क्षणभर कोणता फोटो कोणाचा ते कळले नाही. हे चुकीचे आहे. आमच्या वेळी दोन मजकुरांच्या मध्ये पितळी रूळ घालत, अर्ध्या पॉइंटचा, केसाएवढी रेघ उमटवणारा. आता संगणकावर ते आणखी सोपे असावे. दिवाळीच्या अंकात तेवढी एक बारीक रेघ घालावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर,
शहापूर, बेळगाव